चुना आणि रांगोळी

"काकू, गिरणी जरा बंद करा. बोलायचंय."

"बोलायचं असंल तर चालूच राहू दे," मी म्हणाले. "बंद केली की सगळं गाव ऐकंल."

कालिंदानं डबा खाली ठेवला आणि पट्ट्याच्या घरघरीत माझ्या कानाशी तोंड आणलं. तेव्हा असं जवळ यायला बंदी होती. माणसामाणसांत दोन हात अंतर ठेवा म्हणून रोज सकाळी ग्रामपंचायतीचा भोंगा फिरायचा. पण दोन हातांवरून सांगता येईल असं दुःख बाईजवळ कुठलं असायला.

"भाऊजींनी चुना मारला," ती म्हणाली.

"कुठं?"

"घराभवती. दोन्ही घरं मिळून एकच रेघ. माझ्या दोन्ही खोल्या त्यांच्या रेघंच्या आत गेल्या."

मी तिच्या डब्यातली ज्वारी मुठीत घेऊन बघितली. मला ती खोडच आहे. माणूस ओळखायचा तर त्याच्या घरचं दळण बघावं, चेहऱ्यावर पावडर लावता येते, दळणाला येत नाही. कालिंदाच्या ज्वारीत आजवर खडा सापडला नव्हता. त्या दिवशी मुठीत तीन आले. म्हटलं, पोरीची रात्र जागून गेली आहे.

"ड्रोन कधी उडणार म्हणं?"

"सोमवारी. सोमवारी जी रेघ दिसंल ती फोटोत जाणार."

आमच्या तोंडलेवाडीत घरांना कधी कागद नव्हता. शेताला सातबारा, घराला मात्र 'हे आमचं' एवढं म्हणणं पुरायचं. त्या वर्षी, म्हणजे रोगाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, गावठाणाची मोजणी निघाली. प्रत्येकानं आपल्या घराची हद्द पांढऱ्या रेघेनं आखायची, ड्रोन वरून फोटो काढणार, फोटोवरून नकाशा होणार आणि नकाशावरून मालक ठरणार. ग्रामपंचायतीनं चुन्याच्या पिशव्या मागवल्या आणि एका घराला एक अशा कुटुंबप्रमुखांना वाटल्या. कुटुंबप्रमुख म्हणजे कोण, हे सांगायची आमच्या गावात कुणाला गरज वाटत नाही. मिशी असली की झालं.

रोग यायच्या आधीच कालिंदाचा नवरा अंकुश ट्रॅक्टरखाली गेला. मागं राहिल्या दोन खोल्या, एक शिलाई मशीन आणि ती. त्या वर्षी गावातल्या निम्म्या तोंडांवरचे मास्क तिनं शिवलेले होते. तिचे थोरले दीर पोपटराव पुण्याला कंपनीत सुपरवायझर होते. पहिल्या लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद पडली, तशी बायको-पोरं घेऊन गावी आले आणि शेजारच्या आपल्या घरात राहिले. चार दिवसांचे पाहुणे म्हणून आलेला माणूस वर्षभरात अख्ख्या अंगणाचा झाला. आधी त्यांची मोटारसायकल कालिंदाच्या बाजूला लागायला लागली, मग वैरण आली, मग उन्हाळा लागल्यावर खाट. कालिंदाच्या दारापुढं कडुनिंबाची सावली होती. सावलीत खाट टाकणाऱ्याला कोण नको म्हणणार?

"काय म्हणत्यात पोपटराव?"

"म्हणत्यात, घर एकच हाय, चुली दोन हायत. तुला कोण हाकलतंय? ऱ्हा की."

"बरोबर हाय त्यांचं. आज 'ऱ्हा की'. पोरांची लग्नं झाली की 'ऱ्हायलीस की'. त्याच्या पुढचं मी सांगत न्हाई."

तिनं डोळे पुसले. पीठ उडत होतं, म्हणून कुणाला कळायचं कारण नव्हतं.

---

आता आमच्या संघटनेबद्दल सांगते. नाव मोठं होतं, पण गाव आम्हाला 'मंगळवारच्या बाया' म्हणायचं, कारण आम्ही मंगळवारी दुपारी समाजमंदिरात बसायचो. काढली होती अनूताईंनी. अनूताई अंगणवाडीच्या ताई. आवाज असा की लेकरं रडायची थांबत आणि सरपंच खुर्ची सावरून बसत. पोरींची शाळा, घरातली मारझोड, बाईचं नाव घरावर लागणं, असली कामं. रोग आला आणि पाचाच्या वर माणसं जमवायला मनाई झाली. मारुतीच्या पारावर पत्ते खेळणारे सहा जण 'पाच खेळणारे आणि एक बघणारा' म्हणून सुटायचे, पण सहा बाया एकत्र दिसल्या की पोलीसपाटलांना लगेच कायदा आठवायचा.

मग संघटना गिरणीत आली. दळण अत्यावश्यक. सकाळी सात ते अकरा गिरणी उघडी, दारापुढं मीच आखलेले गोल, प्रत्येक गोलात एक बाई आणि तिच्या पायाशी डबा. आत जातं घरघरतंय, बाहेर मीटिंग चालली आहे. एकदा पोलीसपाटलांनी येऊन विचारलं, "कशाची गर्दी?" आमच्या गोलातली एक म्हणाली, "पिठाची. तुमच्याच घरचं दळण मधी हाय, नेताय का?" त्यानंतर ते त्या रस्त्यानं आले नाहीत. त्या गोलांत उभं राहून बायांनी त्या वर्षात दोन लहान पोरींची घाईघाईची लग्नं मोडली, एका घरातला एकुलता एक मोबाईल भावाकडून बहिणीच्या शाळेसाठी निम्मा दिवस मिळवून दिला, आणि एका नवऱ्याला भाकरी थापायला शिकवली. त्याआधी त्याचा हात दुसरीकडंच पडायचा.

कालिंदा सांगत होती तोवर अनूताई आल्याच. त्यांना रोज घरोघर जाऊन बोटाला यंत्र लावून प्राणवायू बघायचं काम होतं, त्यामुळं गावात बिनधोक फिरणारी तेवढी एकच बाई. त्यांनी आधी माझ्या बोटाला चिमटा लावला, मग विचारलं, "काय झालं?"

ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चल कालिंदा, आपण आपला चुना घेऊन येऊ."

अर्ध्या तासात दोघी रिकाम्या हातानं परत आल्या. ग्रामसेवक भाऊसाहेब खिडकीतूनच बोलले होते.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, त्या घराची पिशवी गेली. एका घराला एक. मी म्हटलं, ते घर वेगळं, हे वेगळं. म्हणतो, वेगळं असल्याचं कुठं दिसतंय? मी म्हटलं, चुना द्या म्हणजे दिसंल." अनूताईंनी यंत्र पिशवीत टाकलं. "त्यावर म्हणतो, ताई, कुटुंबप्रमुखाला पाठवा."

"आन् दुकान?"

"रंगाचं दुकान बंद. ते अत्यावश्यक नाही."

जात्याखाली सांडलेलं झाडणीचं पीठ ढिगानं पडलं होतं, पांढरंफेक. मी त्याच्याकडं बघत होते, आणि त्या दोघी माझ्याकडं.

"चालंल की," मी म्हणाले.

शहाणपणाला हद्द असते, मूर्खपणाला नसते. कालिंदानं संध्याकाळी दोन्ही घरांच्या मधून, दारापासून रस्त्यापर्यंत, सुबक पिठाची रेघ ओढली. सकाळी गिरणी उघडायला आले तर भिंतीपलीकडनं पोपटरावांचं हसणं ऐकू येत होतं. गिरणीच्या मागच्या भिंतीला लागूनच त्यांचं अंगण. गुडघ्याएवढा दगडांचा गडगा तेवढा मधे.

"कालिंदे," पोपटराव खाटेवरून म्हणत होते, "तुझी हद्द माझ्या कोंबड्यांना मान्य न्हाई."

निम्मी रेघ कोंबड्यांच्या पोटात, उरलेली मुंग्या घेऊन चालल्या होत्या. आणि मुंग्याही अशा शिस्तीत, की हद्द पोपटरावांच्या उंबऱ्याकडं सरकताना दिसत होती.

---

"कोंबडी खाणार न्हाई आणि माणूस पाय देणार न्हाई असं काय असतं?" त्या सकाळी गोलातून कुणीतरी विचारलं. विचारलं थट्टेनंच. पण उत्तर एकदम तीन-चार गोलांतून आलं.

"रांगोळी."

चैत्र चालू होता. चैत्रांगण आमच्या गावात पूर्वी मोजक्याच घरांत काढायचे. मधे गौर पाळण्यात, भोवती सूर्य, चंद्र, कासव, शंख, तुळस, गौरीची पावलं. पण लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर बघून बघून सगळ्याच शिकल्या होत्या आणि एकमेकींना फोटो पाठवायच्या. ते एकदा काढलं की त्यावर कुणी पाय देत नाही. चुन्याची रेघ गडी माणूस बुटानं पुसेल. गौरीच्या अंगणावर बूट ठेवायला छाती कुणाची आहे?

अनूताईंनी तिथंच उभ्या उभ्या मोबाईलवर लिहिलं. चैत्रांगण स्पर्धा, सोमवार सकाळ. अंगण पूर्ण भरावं. कड आपापल्या घराच्या हद्दीवरून यावी. परीक्षक वरून बघतील.

गावच्या ग्रुपवर सगळ्यात आधी अंगठा आला पोपटरावांचा. खाली लिहिलं होतं, 'अशा उपक्रमांनी आपली संस्कृती टिकते.'

"टिकंल," अनूताई म्हणाल्या, "टिकंल."

कालिंदा मात्र डबा उचलून निघाली होती. तिला थांबवलं तर म्हणाली, "मी कसं काढू, काकू? मी काढली तर म्हणतील, विधवेनं गौरीचं अंगण काढलं, अशुभ झालं. बादलीभर पाणी मारतील आणि गाव त्यांनाच बरोबर म्हणंल."

"कुठल्या गौरीनं येऊन सांगितलं तुला, की तू काढू नको?" अनूताईंचा आवाज जात्याच्या वर गेला. "पाळण्यात बसलेली बाई दुसऱ्या बाईला असं म्हणंल?"

"गौर न्हाई म्हणणार. भाऊजी म्हणतील. आन् ड्रोन गौरीचा न्हाई, सरकारचा हाय. त्याला धुतलेलं अंगण दिसंल."

पोरीचं खोटं नव्हतं. राग बरोबर असणं वेगळं आणि सोमवारी सकाळी रेघ शिल्लक असणं वेगळं. आम्ही कुणी तिथं जाऊन काढावी, तर पोपटराव 'माझ्या अंगणात काय काम' म्हणून हाकलणार आणि जमावबंदीचा पाटील बोलावणार. त्या अंगणात राहणारी, कुंकू लावणारी, जिच्या रांगोळीवर कुणाला बोट ठेवता येणार नाही अशी बाई एकच होती. पोपटरावांची बायको.

सगळ्यांच्या मनात एकदमच आलं आणि सगळ्या एकदमच हसल्या.

यमुना वर्षभर गिरणीत येत होती. ठरल्या दिवशी, ठरल्या गोलात, डबा पायाशी. संघटनेचं काही चाललं असलं की ती रस्त्याकडं तोंड करून उभी राहायची. बोलायची दोनच वाक्यं, 'बारीक दळा' आणि 'झालं का'. तिचं दळण म्हणजे शिस्त. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. गव्हाच्या तळाशी ती दर वेळी थोडी ज्वारी घालून आणायची, आणि पोपटराव गावभर सांगायचे की आमच्यात ज्वारी चालत नाही. म्हणजे ही बाई नवऱ्याला वर्षभर ज्वारी खाऊ घालत होती आणि त्याला पत्ता नव्हता. मी तेव्हाच मनात नोंद केली होती की हिला गप्प समजावं, गरीब समजू नये.

"मी जाऊन बघते," अनूताई म्हणाल्या. "प्राणवायू तपासायचाच आहे."

दुसऱ्या दिवशी आल्या त्या हात पुसतच.

"हो म्हणाली?"

"नाही."

"न्हाई म्हणाली?"

"तेही नाही. पोपटराव तिथंच खाटेवर. मी तिच्या बोटाला यंत्र लावलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. बोलली काहीच नाही. पण नाडी घोड्यासारखी पळत होती."

"भीतीनं पळत असंल."

"असंल. मनात काही आलं तरी तशीच पळते. यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही."

रविवारी यमुना गिरणीत आली. डबा ठेवला, म्हणाली, "बारीक दळा." दळून झाल्यावर डबा उचलायच्या आधी थोडी घुटमळली.

"काकू, रांगोळी हाय का थोडी? घरची संपली."

"स्पर्धेला?"

"हां."

मी माझा डबा तसाच्या तसा तिच्या हातात दिला. तिनं उघडून बघितला आणि म्हणाली, "पुरणार न्हाई." मग मी शेजारणीचाही आणून दिला. एवढी रांगोळी तिला कशाला हवी, हे विचारायची माझी जीभ फार वळवळली. पण ती गेली. आमच्या ह्यांना संध्याकाळी सांगितलं, तर म्हणाले, "नवऱ्याच्या हद्दीवर काढायची असंल. ती रेघ मोठी हाय."

तेही खरंच होतं. मी जेवले नाही नीट.

---

सोमवारी तांबडं फुटलं तेव्हा मी गिरणीची मागची खिडकी उघडली.

पोपटराव खाटेवर आडवे होते, तोंडावर टॉवेल, अंगात बनियन आणि पट्ट्यापट्ट्याची चड्डी. अंगण झाडून, सडा टाकून वाळलेलं. यमुना पायांवर बसून काढत होती. गौर झाली होती, पाळणा झाला होता, कासव झालं होतं. आणि कड? कड दोन्ही घरांच्या बरोबर मधून, तुळशीपासून रस्त्यापर्यंत, वेलबुट्टीची, वीतभर रुंद, सरळ आली होती. अलीकडं एक अंगण, पलीकडं एक अंगण. पोपटरावांनी मारलेली चुन्याची रेघ बाहेरून जशीच्या तशी होती. तिनं फक्त तिच्या पोटात एक भिंत घातली होती.

खाट होती कालिंदाच्या निम्म्यात. यमुनेनं ती हलवली नव्हती. तिच्या चारी बाजूंनी शंख, चक्र, कमळं भरत ती गेली होती, इतकी दाट, की मधे मांजराला पाऊल टाकायला जागा नव्हती. काढत काढत ती मागं सरकत कालिंदाच्या दारापर्यंत आली. कालिंदा उंबऱ्यात हाताची घडी घालून उभी होती.

यमुनेनं रांगोळीची वाटी तिच्यापुढं धरली.

"पावलं राहिलीत, तेवढी जागा सोडलीय. ती तू काढ."

"आक्का, मी नको."

"तुझ्या घराची हायत. मी कशी काढू?"

"लोक..."

"लोक अजून उठायचे हायत. काढ."

कालिंदा खाली बसली. पहिलं पाऊल वाकडं आलं, दुसरं बरं आलं, तिसऱ्यापासून तिच्या हाताला शिलाईवरची सफाई आठवली. रस्त्यापासून तिच्या उंबऱ्यापर्यंत गौरीची पावलं आली, आणि त्यातली दोन खाटेच्या अगदी पायथ्याशी, जिथं माणूस उठल्यावर आधी पाय टाकतो तिथं. ती तिथं मुद्दाम काढली की ओघात आली, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

ऊन तोंडावर आलं तेव्हा पोपटराव जागे झाले. टॉवेल काढला, आळस दिला, पाय खाली सोडला आणि तसाच वर घेतला.

"यमुने."

"उठला का?"

"हे काय?"

"चैत्रांगण. तुम्हीच अंगठा दिलाय ग्रुपवर."

ते बघत राहिले. पाळण्यापासून कडेपर्यंत नजर गेली, कडेवरून तुळशीपर्यंत, तिथून परत. मग त्यांना कळलं. मी लांबून बघत होते तरी कळलेलं मला दिसलं.

"ही रेघ मधनं कुणी काढली? मला इचारलंस का?"

यमुना उभी राहिली. पायांना मुंग्या आल्या असतील, एका हातानं खांब धरला.

"पुण्याची खोली इकली तवा मला टेम्पो दारात आल्यावर कळलं. अठरा वर्षं त्या खोलीत भांडी घासली म्या. म्हटलं, आपल्या घरची रीतच अशी असंल. आधी करायचं, मग कळवायचं."

गडग्यापाशी एव्हाना गोलातल्या बाया डबे घेऊन येऊन उभ्या राहिल्या होत्या, दोन दोन हात अंतर ठेवून. त्यांचे नवरेही त्यांच्या मागं. गिरणी मी अजून चालू केली नव्हती. पहिल्यांदाच गावाला सगळं ऐकू जात होतं.

तेवढ्यात मोजणीचे साहेब आले, बरोबर भाऊसाहेब ग्रामसेवक. ड्रोन उडायच्या आधी रेघा नीट दिसतात का, एवढं ते घरोघर बघत होते. दारातच थबकले.

"वा," साहेब म्हणाले. "एवढी पांढरी रेघ गावात दुसरीकडं नाही."

"पण साहेब, हा चुना नव्हं," भाऊसाहेब म्हणाले.

"ड्रोनला चव नसते हो. पांढरं दिसलं की झालं." साहेब कालिंदाकडं वळले. "ही बाजू कुणाची?"

"माझी," कालिंदा म्हणाली. आवाज बारीक होता, पण साहेबांपर्यंत पोचला.

"वेगळं राहता?"

"लग्न होऊन आल्यापासून. चूल वेगळी, वीजबिल वेगळं."

"कुणाची हरकत?"

सगळ्यांच्या माना खाटेकडं वळल्या. पोपटराव मांडी घालून बसले होते, टॉवेल मांडीवर ओढून.

"माझी हाय हरकत," ते म्हणाले.

"मग इकडं या, पुढं येऊन सांगा. आणि तोंडाला मास्क लावा आधी."

मास्क घरात होता. घर रांगोळीच्या पलीकडं होतं. पोपटरावांनी एक पाय खाली सोडला. गौरीच्या पावलावर तो वीतभर अंतरावर लोंबत राहिला.

"ठेवा की," यमुना शांतपणे म्हणाली. "खुशाल ठेवा. दोन्ही पोरांची लग्नं व्हायचीत, एवढंच ध्यानात असू द्या."

पाय वर गेला.

कालिंदा आत गेली आणि एक नवाकोरा मास्क घेऊन आली. निळ्या ठिपक्यांचा होता. कडेकडेनं, पावलं चुकवत जिथवर येता येईल तिथवर आली आणि तिनं तो खाटेवर टाकला.

"भाऊजी, लावा. मग सांगा काय सांगायचं ते."

पोपटरावांनी मास्क उलटसुलट करून बघितला. शिवण बघितली. हा माणूस वर्षभर तिच्याच हातचे मास्क लावून फिरला होता, आणि एकदाही पैसे काय झाले म्हणाला नव्हता. त्यांनी तो कानांना अडकवला. आम्ही सगळे वाट बघत होतो. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"काय म्हणणं आहे?"

मास्कच्या आत काहीतरी हललं. मग बंद झालं.

"काही न्हाई," पोपटराव म्हणाले. "तिचंच हाय ते. अंकुशच्या वाट्याचं."

मला वाटलं, आता झालं. पण साहेब वहीत लिहून मान वर करतात तोच यमुनेनं हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा.

"साहेब, आन् ही इकडची बाजू माझी. ह्यांच्या जोडीनं माझंबी नाव लागतं का?"

"लागतं की. घरधन्याची ना नसली तर."

यमुनेनं खाटेकडं बघितलं. नुसतीच बघत राहिली, आणि खाटेभोवतीची रांगोळी होती तशीच होती.

"लावा," पोपटराव म्हणाले. मग इकडं तिकडं बघून, अगदी बारीक आवाजात, "पण मग निव्वळ माझं असं काय ऱ्हायलं?"

"खाट हाय की," यमुना म्हणाली.

गडग्यावर जे हसू फुटलं त्यात आमचे हेही होते, आणि खरं सांगायचं तर शेवटी निळ्या ठिपक्यांचा मास्कही हलत होता. ड्रोन आला तो मधमाशीसारखा घोंगावत. पोरं धावली, कोंबड्या पळाल्या. अंगणावर तो क्षणभर थांबल्यासारखा मला वाटला, पण आमच्या ह्यांचं म्हणणं, तो कुठंच थांबत नव्हता. दुपारी ऊन कलल्यावर यमुनेनं एक लांब फळी खाटेपासून आपल्या उंबऱ्यापर्यंत टाकून नवऱ्याला उतरवून घेतलं. तोवर त्यांचा चहा आणि भाकरी खाटेवरच गेली. भाकरी ज्वारीची होती. त्यांनी खाल्ली, आणि म्हणे काही बोलले नाहीत.

स्पर्धेचा निकाल अनूताईंनी लावलाच नाही. सगळ्या पहिल्या आल्या, असं ग्रुपवर टाकलं. पण त्यानंतर गावातल्या किती अंगणांमधून किती कडा निघाल्या आणि किती दारांवर दोन नावं लागली, ते मी गिरणीत बसून बघितलं आहे. कालिंदा अजून त्याच दोन खोल्यांत राहते. ज्वारीत खडा नसतो. आणि दर शनिवारी गिरणीपुढं डबा घेऊन एक सुपरवायझर उभा असतो, "बारीक दळा" म्हणतो आणि दळून होईपर्यंत रस्त्याकडं तोंड करतो.

आता ती सगळी वर्षं मागं पडली, गोल पुसले गेले, भोंगा बंद झाला. एक रीत तेवढी राहिली. आमच्या तोंडलेवाडीत चैत्र लागला की कितीही उकडू दे, एकही नवरा अंगणात खाट टाकत नाही. आमचे हेसुद्धा.